अमरधामपर्यंत

आई गेल्यापासनं ओवीचे प्रश्न थांबतच नाहीत. आज गवारी मोडत बसलेलो तर मधेच म्हणाली, आज्जीच्या नाकात कापूस का घातलेला, मग तिनं श्वास कसा घ्यायचा? वहिनी लगेच म्हणाली असलं काही विचारू नये गं, आज्जी देवाघरी गेलीय. तर म्हणे, मग मामानं खांद्यावर कुणाला नेलं?

मी सगळं सांगते तिला. झोपलीय वगैरे सांगणार नाही, उद्या पोर झोपायलाच घाबरेल. श्वास थांबलाय, परत सुरू होत नाही, अंगातलं पाणी कधीकधी नाकातनं बाहेर येतं म्हणून कापूस. हात गार का लागला? आपलं अंग ३७ अंशाला गरम ठेवायचं काम आतनं सारखं चालू असतं, ते बंद पडलं की अंग गार होत जातं. अंगठे का बांधले? कारण दोन-तीन तासांत जबड्यापासनं अंग ताठायला लागतं आणि पाय जसे असतील तसेच राहतात. नखं वाढतील का आता? नाही वाढणार.

आणि मग तिनं विचारलं, तिकडं नेल्यावर काय केलं आज्जीला? आणि मला सांगताच येईना, कारण मी तिकडं नव्हते. आम्ही बायका दारातच थांबलो ना. आईची नखं मी कापायचे, वेणी मी घालायचे, रात्री उठून कूस मी बदलायचे, आणि अमरधामला, स्मशानात, कोण गेलं तर तिला वर्षात एकदा भेटणारे पण गेले, फक्त बाप्ये होते म्हणून. रक्षाविसर्जनाला नेलं आम्हाला पण तोवर सगळं गोळा करून झालेलं, आम्ही नैवेद्य ठेवून कावळ्याची वाट बघत उभ्या. संध्याकाळपासनं हेच डोक्यात फिरतंय. आण्णांच्या वेळी तर मी एवढीशी, शेजारी नेऊन बसवलेलं... जाऊदे ते.

शेवटी दादाला फोन लावला. सांग म्हटलं, सगळं सांग. आधी टाळत होता, मग सुटला बोलायला. पावसानं शेणी सर्दावलेल्या, पेट घेईनात, तर हा पुठ्ठ्यानं वारा घालत बसलेला. मडकं खांद्यावर घेऊन फिरताना पाणी पाठीवरनं आत गेलं, एकदम गार, आणि तेव्हाच त्याला रडू आलं म्हणे. हे त्यानं वहिनीलाही सांगितलेलं नाही. आम्ही दोघं बराच वेळ फोनवर रडलो आणि खरं सांगते, बरं वाटलं. तो तिथं होता तर त्याला विचारणारं कुणी नव्हतं.

ओवीला सांगितलं मग. शेणी, लाकडं, तूप, कापूर. हाडं का उरतात, तर त्यातला चुन्यासारखा भाग जळत नाही, तीच हरिपूरला संगमावर सोडली. चटका बसला का आज्जीला? नाही गं, दुखतंय हे मेंदूला कळतं आणि तो आधीच बंद झालेला. तिला पटलं, गेली खेळायला. मला पटायला वेळ लागेल, लागू दे.

दादा म्हणाला रविवारी चल, जागा दाखवतो. ओवी येते म्हणाली तर तिलाही नेणार, वहिनीला मी सांगते काय सांगायचं ते.