आमची वाटचाल: लोणारचा गाळ, भोसरीचा गाळा

१९९८ च्या दसऱ्याला भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात आम्ही एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) बनवायला ५०० लिटरचा जुना फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची टाकी, बसवला. बडोद्याहून आणला होता. अॅजिटेटरचं (आतल्या ढवळणीचं) सील गळत होतं, पण भांडं एसएस ३१६ या न गंजणाऱ्या पोलादाचं, खणखणीत. मी आणि माझा वर्गमित्र, दोघेच. भांडवल म्हणजे त्याच्या एम.एस्सी.च्या कामातली एक स्लँट (जिवाणू जपून ठेवायची नळी) आणि तिच्यात लोणारच्या काठच्या गाळातून काढलेला बॅसिलस जातीचा जिवाणू.

लोणार म्हणजे उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेलं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर. त्यातल्या पाण्यात सोडा साचलेला, पीएच १० च्या आसपास (७ म्हणजे साधं पाणी, त्याच्या वर क्षार). हात बुडवला तर साबण लावल्यासारखं बुळबुळीत लागतं. अशा पाण्यात राहणारा जिवाणू प्रोटॉन आत ओढून आणि सोडियम बाहेर टाकून पेशीच्या आतला पीएच बाहेरच्यापेक्षा बराच खाली राखतो. पण अन्न पचवायचं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं एन्झाइम, तो पेशीबाहेर सोडतो, आणि तिथे त्याला सांभाळणारं कोणी नाही. सोड्यात टिकेल तेच उपयोगाचं. कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणीही पीएच १० च्या घरातलंच. रक्त, दूध, अंडं यांचे डाग प्रथिनांचे असतात, आणि ते सोडवायचं काम हेच एन्झाइम करतं. आमचा सगळा धंदा एवढ्या गोष्टीवर उभा आहे.

मीडियमचा (जिवाणूंच्या खाद्याचा) सोडा कायम वेगळा ऑटोक्लेव्ह करायचा, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायचा, आणि मग मिसळायचा. ग्लुकोजबरोबर एकत्र तापवला की ब्रॉथ (ते द्रव खाद्य) चहासारखा तांबडा होतो आणि वाढ मार खाते. हे शिकायला आमच्या तीन बॅच गेल्या.

पहिलं खरं गिऱ्हाईक साबणवालं नव्हतं. रविवार पेठेतले एक काका जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी काढायचे. त्या काळी फिल्म जाळायचे नाहीतर कॉस्टिकमध्ये उकळायचे. धूर व्हायचा आणि प्लास्टिक वाया जायचं. चांदीचे कण फिल्मवर जिलेटिनच्या थरात धरलेले असतात, आणि जिलेटिन हे प्रथिनच. पहिल्या दिवशी काकांनी बादलीत आमचा कच्चा, एन्झाइम उतरलेला ब्रॉथ घेतला आणि त्यात कोणाच्या तरी छातीचा एक्स-रे बुडवला. अर्ध्या तासात बरगड्या विरघळल्यासारख्या सुटल्या, तळाशी काळा गाळ बसला आणि हातात निळसर पारदर्शक पत्रा राहिला. काका म्हणाले, "दर महिन्याला दोन ड्रम लावा." भाव त्यांनी विचारला नाही.

भागीदार २००४ ला परदेशी गेला. स्लँट माझ्याकडे राहिली.

२००७ मध्ये माझा सगळ्यात मोठा साबणवाला दुसरीकडे वळला. एका व्यापाऱ्याने आयात केलेली पावडर आमच्यापेक्षा स्वस्त दिली होती, आणि ड्रमवर युनिट, म्हणजे एन्झाइमच्या ताकदीचा आकडा, आमच्या तिप्पट छापले होते. खरेदी साहेबांनी आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि विषय संपवला. मी त्यांच्या टेबलावर स्किम मिल्क अगारच्या (दूध घातलेल्या जेलीच्या) दोन प्लेट नेल्या, एक पीएच ७.५ ची, दुसरी १० ची. एन्झाइम दुधातलं प्रथिन तोडतं तिथे पांढरी जेली स्वच्छ होते. प्रत्येकीत दोन खड्डे, एकात व्यापाऱ्याचा माल, एकात आमचा. ७.५ ला व्यापाऱ्याच्या खड्ड्याभोवतीचं स्वच्छ कडं आमच्यापेक्षा मोठं आलं होतं, हे मी मान्य केलं. १० ला आमचं कडं रुपयाएवढं होतं आणि त्यांच्याकडे नखाएवढी पांढुरकी रेघ. साहेब म्हणाले, "प्लेट राहू द्या, रेट सांगा." तो अपमान आजही जात नाही. मी खोटं विकत नव्हतो, आणि ज्याने न्यूट्रल प्रोटिएज (पीएच ७ च्या आसपासच नीट चालणारं) सोयीच्या पीएचला मोजून तो आकडा सोड्याच्या कामासाठी खपवला, त्याला ऑर्डर मिळाली.

त्या वर्षी सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ वेगळा करायचं यंत्र) विकला आणि ब्रॉथ कापडातून गाळला. चार माणसांचे पगार दोन-दोन हप्त्यांत दिले. काकांनी सहा महिन्यांच्या ड्रमचे पैसे आगाऊ आणून ठेवले, पावतीसुद्धा मागितली नाही. साबणवाला चौदा महिन्यांनी परत आला. रक्ताचे डाग जात नसल्याच्या तक्रारी त्यांच्या दुकानदारांकडूनच आल्या होत्या. मी जुन्याच भावाने माल दिला, पण ड्रमवर पीएच, तापमान आणि पद्धत छापूनच.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो: एन्झाइम घेताना नुसते युनिट बघू नका. केसिनवर (दुधातल्या प्रथिनावर) मोजलं का, किती अंशाला, कुठल्या पीएचला, हे लिहून मागा. तुमच्या टाकीतलं पाणी घेऊन त्यातच तपासा. आणि पावडरीपेक्षा द्रव किंवा लेप दिलेले दाणे घ्या. उडणाऱ्या एन्झाइमच्या धुळीने कामगारांना दमा होतो.

मधली दहा वर्षं नीट गेली. जैवविविधता कायद्याची परवानगीची कागदपत्रं केली, गाळा स्वतःचा झाला.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. नमुने तपासायला आले ते आपल्या पुण्यातच, आघारकर संस्थेत. रंग खारात राहणाऱ्या हॅलोआर्किआ या सूक्ष्मजीवांचा निघाला. त्याच दिवसांत घरोघरी आरटी-पीसीआर हा कोरोनाच्या तपासणीचा शब्द पोचला होता. त्या तपासणीतलं टॅक पॉलिमरेज, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणारं एन्झाइम, मुळात यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. थॉमस ब्रॉक यांनी तो १९६० च्या दशकात शोधला होता. ९५ अंशाला तापवूनही ते एन्झाइम काम देतं, म्हणून ती तपासणी चालते. माझ्या पोरांना मी दोन्ही बातम्या शेजारी बसवून वाचून दाखवल्या.

आता एक्स-रे डिजिटल झाले, फिल्म कमी आल्या. काका गेले. त्यांचा मुलगा दोन महिन्यांतून एक ड्रम नेतो. पहिल्या दिवशीचा तो निळसर पत्रा लॅबच्या खिडकीला लावलेला आहे. पुढचा ड्रम सोमवारी जायचाय.