टाइट कन्व्हर्टरवर अखेर बूस्ट आला: डम्प व्हॉल्व्हची गोष्ट

आला! ट्रान्सब्रेकवर (बटण दाबून गिअरबॉक्स अडवून गाडी लाइनवर जागीच धरायची सोय) दहा पीएसआय बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) आला, आणि तोही त्याच टाइट कन्व्हर्टरवर, जो काढून परत पाठवायचं मी मागच्या नोंदीत जवळजवळ ठरवलं होतं. (कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग; टाइट म्हणजे कमी घसरणारा, लूज म्हणजे जास्त.) शनिवारी मेपल ग्रोव्हच्या ड्रॅग स्ट्रिपवर साठ-फुटी (पहिल्या साठ फुटांची वेळ) १.४३ सेकंद, पाव मैल ९.१४ सेकंदांत, ट्रॅपला (शेवटच्या रेषेपाशी) ताशी १४८ मैल. याच कन्व्हर्टरवर वसंतात साठ-फुटी १.७८ आणि ईटी (पूर्ण पाव मैलाची वेळ) ९.७५ होती, हे ज्यांच्या लक्षात आहे त्यांना माझा आनंद वेगळा सांगायला नको.

गाडी तीच: फॉक्स बॉडी मस्टँग, सहा लिटरचं एलक्यू४ इंजिन, ७६ मिमीचा एकच टर्बो, ई८५ इंधन, टर्बो ४०० (हे तीन गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नाव, टर्बोशी संबंध नाही), मागे ८.८ इंची अ‍ॅक्सलमध्ये ३.५५ चा रेशो आणि २८ इंची रेडियल टायर.

जुना वेल्डेड साडेनऊ इंची कन्व्हर्टर लाइनवर फार गुणी होता. बटण दाबून थ्रॉटल पूर्ण दिला की इंजिन ३९०० आरपीएमला जायचं, टर्बो जागा व्हायचा आणि बूस्ट चढू लागायचा. रडगाणं वरच्या टोकाला होतं. ट्रॅपला इंजिन ६९५० आणि ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा) ६१८५. थर्ड गिअर म्हणजे एकास एक, त्यामुळे साधा भागाकार: ११ टक्के स्लिप, म्हणजे कन्व्हर्टरमधली घसरण. नऊशे हॉर्सपॉवरमधले शंभर नुसते तेल तापवण्यात जात होते. (स्लिप काढताना ट्रॅपचा वेग आणि टायरचा व्यास धरून बसू नका. टायर घसरतो, काही टायर वेगाला फुगतात, आणि तुम्ही दोष कन्व्हर्टरला देता. पिनियनपाशी ड्राइव्हशाफ्टचा सेन्सर लावा. गाडीवर याच्याइतका कामाचा दुसरा सेन्सर नाही, असं माझं ठाम मत आहे.)

म्हणून हिवाळ्यात बोल्ट-टुगेदर (वेल्डऐवजी बोल्टने जोडलेला) कन्व्हर्टर आणला, व्यास तोच, स्टेटर (आत तेलाचा प्रवाह वळवणारं पात्यांचं चाक) टाइट. बसवायचं काम मला मनापासून आवडतं. गिअरबॉक्स ओट्यावर तिरका उभा, कन्व्हर्टरच्या मानेला तेलाचा हात फिरवलेला, आणि दोन्ही हातांनी हळूहळू फिरवत तो आत ढकलायचा. तीन वेळा ‘टक’ झालं पाहिजे: स्टेटर सपोर्ट, इनपुट शाफ्ट आणि शेवटी पंप. तिसरा टक न ऐकता बेलहाउसिंगचे बोल्ट आवळले की पंप गेलाच म्हणून समजा. मग फ्लेक्सप्लेटपर्यंत पुढे ओढताना एक ते दीड सूत जागा राहिली पाहिजे. माझ्याकडे बरोबर सव्वा सूत आली, शिमही घालावी लागली नाही. त्या संध्याकाळी फार छान झोप लागली.

वरचं टोक पहिल्याच पासला सुधारलं. इंजिन ६७००, ड्राइव्हशाफ्ट ६३३१, म्हणजे साडेपाच टक्के. ट्रॅप १४५ वरून १४८. ट्यून तीच, बूस्ट तेवढाच, इंजिन उलट अडीचशे आरपीएमने खाली, तरी गाडी तीन मैलांनी जास्त. पण लाइनवर सगळा आनंद संपला. बटण दाबलं, थ्रॉटल पूर्ण, आणि इंजिन ३३०० ला जाऊन बसलं. बूस्ट दोन पीएसआय. धाकटा भाऊ कुंपणापाशी उभा राहून फोनवरून सांगत होता, “दादा, आवाज चढतच नाहीये. सोड आता, समोरचा कधीचा स्टेज करून थांबलाय.” सोडलं. गाडी निवांत निघाली आणि बूस्ट सेकंड गिअर पडल्यावर कुठे आला. म्हणूनच तेव्हा ईटी ९.७५ होती पण ट्रॅप तरीही १४८. सुरुवात कितीही वाईट झाली तरी ट्रॅपचा वेग फारसा हलत नाही, तो पॉवर सांगतो. कन्व्हर्टर तपासताना दोन्ही आकडे वेगवेगळे वाचायला हवेत.

आता मुद्द्याचं. “माझा कन्व्हर्टर ४५०० स्टॉलचा आहे” हे वाक्य टर्बो गाडीत अर्धवट आहे. स्टॉल (गाडी अडवून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर इंजिन जिथवर जाऊन अडकतं तो आरपीएम) हा कन्व्हर्टरवर छापलेला आकडा नसतो, तो इंजिनच्या टॉर्कवर ठरतो. के-फॅक्टर धरा: स्टॉल आरपीएम भागिले टॉर्कचं वर्गमूळ. माझ्या नव्या कन्व्हर्टरचा के लॉगवरून (गाडीतल्या सेन्सरांची नोंद) १७४ च्या आसपास येतो. बूस्ट नसताना हे इंजिन त्या आरपीएमला साधारण ३६० पौंड-फूट देतं, वर्गमूळ एकोणीस, म्हणजे ३३००. तेच इंजिन बूस्टवर ८०० पौंड-फूट देऊ लागलं की हाच कन्व्हर्टर ४९०० ला स्टॉल होतो. म्हणजे तो हवा तिथे जातो, फक्त आधी बूस्ट हवा. आणि बूस्ट यायला माझ्या टर्बोला निदान ३७००-३८०० आरपीएमचा एक्झॉस्ट हवा. जुन्याचा के २०० होता, म्हणून तो बूस्ट नसतानाही ३९०० ला पोचायचा आणि तिथून गाडा आपोआप पुढे जायचा. नव्यात ती पहिली पायरीच चढता येत नव्हती. चारशे-पाचशे आरपीएमची अडचण, पण तिच्यापायी पूर्ण वसंत गेला.

अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग पाहून आलेला पुण्याचा एक मित्र विचारत होता, की मग क्लच का नाही घालत? कारण हेच आहे. गाडी जागेवर उभी असताना टर्बोला लोड पाहिजे, आणि तो लोड कन्व्हर्टर देतो. शिवाय गिअर पडताना थ्रॉटल सोडावा लागत नाही, त्यामुळे कमावलेला बूस्ट हातचा जात नाही.

पहिला उपाय टू-स्टेपवर (लाइनवर इंजिनचा आरपीएम रोखून धरणारी सोय) टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेण्याचा. उशिरा ठिणगी दिली की जळण एक्झॉस्टमध्ये संपतं आणि टर्बोच्या टर्बाइनला उष्णता मिळते, हे खरं. पण टायमिंग मागे घेतलं की टॉर्कही घटतो, आणि टॉर्क घटला की वरच्याच सूत्राने स्टॉल खाली येतो. माझं इंजिन ३३०० वरून ३१०० ला आलं आणि बूस्ट कसाबसा तीन. लूज कन्व्हर्टरवर हा उपाय उत्तम चालतो, टाइटवर तो स्वतःच्याच पायात पाय घालतो. नायट्रसचा छोटा शॉट बऱ्याच जणांनी सुचवला. तो चालतो याबद्दल मला शंका नाही, पण बाटली, तिचं हीटर, भरून आणणं, इंधनाचं वेगळं गणित, एवढं सगळं फक्त पहिल्या दोन सेकंदांसाठी मला नको आहे. तिसरा पर्याय टर्बोच्या टर्बाइनचं हाउसिंग (एक्झॉस्ट आत घेणारं कवच) १.२५ वरून लहान, १.१० चं करायचा. त्याने टर्बो लवकर जागा होईल, पण वरच्या टोकाला बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये तुंबणारा दाब) वाढेल, आणि स्टेटर बदलून वरच्या टोकाला जे मिळवलं त्यातलं थोडं परत द्यावं लागेल.

उरला डम्प व्हॉल्व्ह. कन्व्हर्टर घट्ट पकडतो तो आतल्या तेलाच्या दाबावर. कूलरकडे जाणाऱ्या लाइनला टी घालून एक सोलेनॉइड (विजेवर उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) बसवायचा, आणि बटण दाबलेलं असताना ते तेल परत पॅनमध्ये सोडायचं. पाटाचं पाणी बारं फोडून दुसऱ्या सरीत वळवावं तसं. दाब उतरला की कन्व्हर्टरच्या आतला इम्पेलर (इंजिनकडचं चाक) आणि टर्बाइन (गिअरबॉक्सकडचं चाक) यांच्यातली पकड ढिली होते, आणि टाइट कन्व्हर्टर तेवढ्यापुरता लूज होतो. सोलेनॉइड बंद केला की पुन्हा टाइट. एकाच कन्व्हर्टरमध्ये दोन कन्व्हर्टर.

शनिवारचा लॉग मी इतक्या वेळा उघडून पाहिलाय की तो पाठ झालाय. बटण दाबलं, डम्प उघडला, चार्ज प्रेशर (कन्व्हर्टरमधल्या तेलाचा दाब) अर्ध्याखाली आलं, आणि इंजिन ३३०० ला न अडकता ३७५० ला गेलं. दोन पीएसआय, चार, सहा. आठला ईसीयूने (इंजिनच्या संगणकाने) डम्प बंद केला, तेव्हा आरपीएम ४५०० होता. आणि मग ती रेघ, जी पाहून मी टेबलावर हात आपटला: कन्व्हर्टरने पुन्हा पकडलं, आरपीएम ४५०० वरून ४१०० ला उतरला, पण बूस्ट उतरला नाही. तो नऊ, दहा असा चढतच राहिला, आणि आरपीएम त्याच्यामागून ४३०० ला. बटण सोडलं. पुढची चाकं किंचित उचलली. के १७४ धरून दहा पीएसआयला ४३०० च्या जवळपासच स्टॉल निघतो, म्हणजे कागदावरचं गणित ट्रॅकवर जसंच्या तसं उतरलं.

एक इशारा मात्र. स्टॉलवर कन्व्हर्टरचा टर्बाइन थांबलेला असतो, म्हणजे इंजिनची सगळीच्या सगळी ताकद तेलात उष्णता होऊन जाते. ४३०० आरपीएम आणि ६०० पौंड-फूट म्हणजे ४९० हॉर्सपॉवर, जवळपास ३६६ किलोवॉट. कन्व्हर्टरमध्ये चारेक लिटर तेल धरलं आणि लोखंड शोषून घेतं ती उष्णता सोडली, तर दर सेकंदाला पन्नासेक अंश सेल्सियस. त्यात डम्पने तेल कमी केलेलं. म्हणून ईसीयूत वेळेची मर्यादा घातलीच पाहिजे: ठरलेल्या सेकंदांत बूस्ट आला नाही तर डम्प बंद आणि लाँच रद्द. मी ती घातली आहे. डम्प फार वेळ उघडा राहिला तर कन्व्हर्टर रिकामा होऊ लागतो, आणि मग सोडल्यावर तो भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

विकणाऱ्यांबद्दल दोन शब्द. जुना कन्व्हर्टर ज्यांच्याकडून घेतला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: “स्टॉल किती हवा?” चांगला बिल्डर असं विचारत नाही. गाडीचं वजन, टायर, मागचा रेशो, कॅम, टर्बो आणि त्याचं हाउसिंग, लाँच कशी करणार, आधीचे लॉग, हे सगळं तो मागतो, आणि मागितलं नाही तर फोन ठेवा. नव्याच्या बिल्डरने माझे तीन जुने लॉग मागवून घेतले, तेव्हाच विश्वास बसला. आणि सातत्याने बदल करत राहणाऱ्याने वेल्डेड घेऊ नये. तो लेथवर कापून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करून येईपर्यंत सीझनचा तुकडा जातो. बोल्टवाल्याचा स्टेटर गॅरेजमध्ये एका संध्याकाळी बदलता येतो. बॅलन्सच्या खुणा मात्र जुळवूनच जोडायचा. डम्पसाठी मागवलेला पहिला सोलेनॉइड गरम तेलात गळायला लागला, ड्राइव्हवेवर लाल थारोळं झालं. तेलाच्या तापमानाचं रेटिंग न लिहिणाऱ्याकडून असला भाग घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

या प्रयोगांना दिवस मिळणंही सोपं नाही. इंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप जानेवारी २०१८ मध्ये बंद झाली, २०२३ मध्ये अ‍ॅटकोही गेली. न्यू जर्सीत आता उरलंय आयलंड ड्रॅगवे, नाहीतर पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्ह किंवा मेरीलँडमध्ये सेसिल काउंटी गाठायचं. म्हणून घरीच गणित पक्कं करून जाण्यावर माझा एवढा भर आहे.

पुढचा बेत ही नोंद लिहायला घेतली तेव्हा वेगळा होता: मधल्या मापाचा स्टेटर मागवायचा, के १८५ च्या आसपास, आणि डम्प तात्पुरता ठेवायचा. पण वरचे आकडे लिहिताना लक्षात आलं की हा मार्ग उलटा आहे. डम्प जर लूजपणाचं काम करतोय, तर स्टेटर लूज करायचाच कशाला? उलट आणखी एक पायरी टाइट जाऊन साडेपाच टक्के चारवर आणता येतील का, ते बघायला हवं. के १६५ धरला तर बूस्ट नसताना ३१००, आणि डम्पने साडेचारशे मिळाले तरी ३५५०. माझ्या टर्बोला ते कमी पडेल. मग हाउसिंग १.१० पुन्हा विचारात येतं, आणि बॅकप्रेशरचा तोटा स्लिपच्या फायद्यापेक्षा लहान ठरतो का, हा प्रश्न उभा राहतो. एक्झॉस्टचा प्रेशर सेन्सर लावल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही, तेव्हा पहिली खरेदी तीच. स्टेटरची ऑर्डर थांबवतोय.

त्याआधी डम्पचा जेट (तेल ज्यातून सुटतं ते भोक). आत्ता सोलेनॉइड एक तर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असतो, त्यामुळे ४५०० वरून ४१०० चा तो झटका इनपुट शाफ्टलाही बसतो. ईसीयूच्या पल्स आउटपुटवर तो हळूहळू बंद करून बघणार आहे. टर्बो ४०० वर कुणी असं केलं असेल तर जेटचं माप आणि किती पीएसआयला बंद करता, ते लॉगसकट पाठवा.