कचराळी तलावाभोवतीचा तपास

श्रावण, बुधवार

रहस्यकथा वाचण्यापेक्षा ऐकण्यात अधिक गंमत आहे, या मतापर्यंत मी अखेर येऊन पोहोचले आहे, आणि उद्या ते बदललेच तर पुरावा हाताशी असावा म्हणून आज लिहून ठेवते. त्यातही घरी खुर्चीत बसून ऐकताना ती गंमत निम्म्यावर येते. सायंकाळी ठाण्यातल्या कचराळी तलावाभोवती फेऱ्या मारताना, फोन खिशात आणि पाय आपल्या लयीत चालू असतानाच ती पुरेपूर मिळते.

पहिले कारण माझ्या स्वभावात आहे. रहस्यकथेचे पुस्तक हातात असले की माझा अंगठा शेवटच्या पानाकडे सरकतो. लहानपणी नौपाड्यात भाड्याने पुस्तके देणारे एक दुकान होते आणि तिथून येणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर आम्हा भावंडांची झुंबड उडत असे. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा लेखक, त्यामुळे पुस्तके संपण्याची भीती नव्हती. भीती होती ती आमच्या आधीच्या उपद्व्यापी वाचकाची, जो खुन्याचे नाव प्रथम येई तिथेच त्याखाली शिसपेन्सिलीने ठसठशीत रेघ ओढून ठेवी. ऑडिओबुकवर अशी रेघ कोणाला ओढता येत नाही. पुढे उडी मारण्याची सोय त्यातही आहे, हे मान्य. परंतु पावसात छत्री सावरत फोन बाहेर काढा, ओल्या बोटाने तो उघडा, पट्टी नेमकी हवी तिथे सरकवा, एवढे सव्यापसव्य करण्यापेक्षा माणूस निमूटपणे गुप्तहेराच्या मागोमाग चालत राहतो.

प्रकरण संपेपर्यंत एखादी फेरी जास्त होते, ही गोष्ट डॉक्टरांना आवडेल. माझ्या दृष्टीने तो वरकड लाभ आहे.

नवी कादंबरी मात्र मी रस्त्यावर सुरू करीत नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जे स्वतःही रहस्यकथा लिहीत असत, १९२९ साली या साहित्यप्रकारासाठी दहा नियम सांगितले होते, आणि त्यांतला पहिलाच नियम असा, की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आलेला असला पाहिजे. सगळेच लेखक तो पाळतात असे नाही, पण पाळणारे बरेच आहेत. आता माझ्या घरापासून तलावापर्यंतचा रस्ता पाचपाखाडीतला, म्हणजे उलट्या दिशेने येणारे दुचाकीस्वार, पदपथावरच्या उभ्या गाड्या आणि महापालिका मुख्यालयाच्या बाजूची सायंकाळची वर्दळ. त्या गर्दीत एक कान रस्त्यासाठी मोकळा ठेवावाच लागतो आणि लक्ष दोन्हीकडे विभागले जाते. ज्या माणसाने पुढे विष घातले, तोच नेमका मी रिक्षाला वाट देत असताना दारातून आत येऊन नमस्कार करून गेला, असे होऊ नये म्हणून पहिले प्रकरण घरी, भाजी निवडताना ऐकायचे आणि दुसऱ्यापासून बाहेर पडायचे, असा शिरस्ता मी ठेवला आहे.

परंतु या सगळ्यापेक्षा मला ज्याचे कुतूहल वाटते, ती गोष्ट अभिवाचकाची आहे. छापील पानावर खुन्याला आवाज नसतो. निनावी फोन येतो, पलीकडचा माणूस दोन वाक्ये बोलतो, आणि वाचणाऱ्याला ती दोन वाक्ये फक्त दिसतात. तो आवाज जाड होता की चिरका, तरुण होता की वयस्क, हे लेखकाने सांगितले तरच कळते. अभिवाचकाला ही मुभा नाही. त्याला ती वाक्ये कोणत्या तरी आवाजात बोलावीच लागतात. खुन्याच्या खऱ्या आवाजात बोलला तर रहस्य तिथेच फुटते, आणि मुद्दाम दुसऱ्याच पात्राशी जुळणारा आवाज काढला तर ती ऐकणाऱ्याची सरळसरळ फसवणूक ठरते. सध्या मी जी कादंबरी ऐकत आहे, तिच्या अभिवाचकाने यावर काढलेला तोडगा मला फार आवडला: निनावी माणसाची वाक्ये तो आवाज बदलून बोलतच नाही, निवेदनाच्याच सपाट सुरात, जणू पंचनामा वाचावा तशी वाचून दाखवतो. पात्र लपते आणि खोटेही बोलले जात नाही. तो भाग आला तेव्हा छत्रीवर पावसाची सर ताडताड वाजत होती आणि एक शब्द हुकला म्हणून मी बाकाजवळ थांबून तीस सेकंद मागे गेले. दुसऱ्यांदा ऐकताना या माणसाने किती विचार करून हा सूर निवडला असेल, ते लक्षात आले. दीड पट वेगाने ऐकणाऱ्यांना हे सुख कसे मिळत असेल, देव जाणे. संशयिताने उत्तर देण्यापूर्वी घेतलेला क्षणभराचा विराम हाच जिथे धागा असतो, तिथे तो वेगात कापून काढला तर उरते काय?

मराठी रहस्यकथा ऐकणे मला परदेशी कथा ऐकण्यापेक्षा सोपे जाते, याचेही कारण कानाशीच निगडित आहे. परदेशी कथेत तीन-चार सारखी वाटणारी आडनावे एका खोलीत जमली की कोण कोणाचा पुतण्या, हे पाहण्यासाठी पान मागे उलटता येत नाही. मराठी वाड्यात खून झाला असेल तर प्रत्येक हाकेबरोबर नाते सांगितले जाते. वहिनी, आत्या, धाकटे काका अशी हाक आली की माणूस आपसूक आपल्या जागी जाऊन बसतो.

ध्वनिमुद्रित पुस्तकांच्या आरंभाशी रहस्यकथेचा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या अडचणींतून ब्रिटनमध्ये बोलक्या पुस्तकांची कल्पना पुढे आली आणि १९३५ साली अंध व्यक्तींसाठी जी पहिली पुस्तके तबकड्यांवर उपलब्ध झाली, त्यांत अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ ही १९२६ सालची कादंबरी होती. एका कादंबरीसाठी तबकड्यांची चळतच लागत असे, आणि खुनी सापडेपर्यंत ऐकणाऱ्याला पुन्हा पुन्हा उठून बाजू बदलावी लागत असणार. तीच कादंबरी मोठ्याने वाचून दाखवणे अभिवाचकाच्या दृष्टीने विशेष जोखमीचे का आहे, हे ज्यांनी ती वाचली आहे त्यांना ठाऊक आहे; इतरांसाठी मी इथे एक अक्षरही अधिक लिहिणार नाही, माझ्या खासगी वहीतसुद्धा नाही.

आमच्या शेजारच्या मावशींना हा नाद मीच लावला. आम्ही दोघी सध्या एकच कादंबरी ऐकतो, पण त्या तलावाला उलट्या दिशेने फेऱ्या मारतात आणि माझ्यापेक्षा एक-दोन प्रकरणे पुढे असतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत आमची समोरासमोर गाठ पडते. बोलायचे नाही असे ठरले आहे, तरी त्यांचा चेहरा काही ऐकत नाही. सोमवारी त्या कपाळावर हात मारूनच समोरून आल्या. मी मान वळवून पाण्याकडे पाहू लागले, तर त्या जाता जाता म्हणाल्या, “अहो, तुमचा तो डॉक्टर अजून जिवंत आहे ना?” यानंतर डॉक्टर किती प्रकरणे जगणार, हे वेगळे सांगायला नको.

आज दोघींचीही कादंबरी संपली आणि बाकावर बसून रीतसर चर्चा झाली. मला खुनी शेवटपर्यंत ओळखता आला नव्हता. मावशींचे म्हणणे असे, की त्यांना तो तिसऱ्या प्रकरणातच कळला होता, कारण वाचणाऱ्याने त्याचे चहा विचारण्याचे वाक्य नको तितके गोड वाचले. “एवढ्या आर्जवाने कोणी चहा विचारतं का?” असा त्यांचा बिनतोड सवाल होता. घरी आल्यावर मी तिसरे प्रकरण पुन्हा लावले आणि ते वाक्य तीन-चार वेळा ऐकले. मला त्यात साधा चहाच ऐकू येतो. मावशींना तसे फोनवर कळवले, तर त्यांनी उद्या इयरफोन बदलून ऐका, असा सल्ला दिला आहे.