आऊट काढलेलं चाक, ढिले स्पोक

काळ्या रोडस्टर सायकलच्या मागच्या चाकाचे स्पोक तुटत होते. तेही हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, फ्लँजपाशी; स्पोक अडकवायच्या त्या भोकं असलेल्या कडेला जिथे तार वाकवलेली असते तिथे. दुकानदारांचं निदान ठरलेलं: ‘माल हलका आलाय.’ तुटक्या टोकांवरून तसं दिसत नव्हतं. ओढून तुटलेली तार आधी बारीक होते. इथे तुटलेलं तोंड सपाट, एका कडेला तेवढं खरबरीत. म्हणजे तार वाकून-वाकून थकली होती. म्हणून लुधियानाचा कारखाना गाठला.

सायकलच्या कारखान्यात अख्खी सायकल बनते हा बाहेरच्यांचा समज. चेन, पेडल, सीट, फ्रीव्हील आजूबाजूच्या छोट्या युनिटांतून येतं. इथे फ्रेम, रंग आणि जुळणी. फ्रेमचं ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून केलेला जोड, चोख होतं; लगच्या (नळ्या जोडणाऱ्या बाहीच्या) कडेला पितळ सगळीकडे सारखं उतरलेलं. तिथे वेळ घालवला नाही.

मागच्या चाकाला 40 स्पोक, पुढच्याला 32. ते हाताने ओवतात, आणि ओवणाऱ्या बायकांच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. घोळ पुढे, आऊट काढण्याच्या, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे जाणारी रिम सरळ करण्याच्या, स्टँडवर. रिम डावीकडे जात असेल तर उजवे स्पोक आवळायचे किंवा डावे सैल सोडायचे. डायलचा काटा दोन्हींनी जागेवर येतो. आवळताना निप्पल, म्हणजे रिमपाशी स्पोकवर फिरणारं नट, जड जातं, तार पीळ खाते. सैल करणं झटपट. मजुरी चाकामागे मिळत असेल तर माणूस काय करणार?

पास झालेल्या एका चाकाचे शेजारचे स्पोक जोडीजोडीने मुठीत दाबले. कट-कट करत पीळ सुटले, स्पोकची वाकवलेली कोपरं फ्लँजमध्ये बसली, आणि चाक स्टँडवर चढवलं तर पुन्हा आऊट. हे दाबणं कारखान्यातच व्हायला हवं, त्यानंतर दुसऱ्यांदा आऊट काढायचा. ताण मोजायचं यंत्रही होतं म्हणे. क्वालिटीच्या केबिनमध्ये, कपाटात!

चाक फिरताना जमिनीकडच्या स्पोकांवरचा ताण कमी होतो. मुळात ताण चांगला असेल तर काही बिघडत नाही. कमी असेल तर स्पोक दर फेऱ्याला पार ढिला पडतो आणि कोपरात हलतो. 28 इंची चाकाचे किलोमीटरला साधारण साडेचारशे फेरे. वर कॅरिअरला दुधाचे कॅन.

दाबून पुन्हा आऊट काढायचं व्यवस्थापनाने कबूल केलं, पण चाकामागचा दर तोच ठेवला. त्यामुळे तपासणीला कोणी उभं असेल तोवरच हे चालेल, असं मला वाटतं. मॅनेजरचा उपाय वेगळा आहे: 14 गेजऐवजी 13 गेजची जाड तार. दुकानदार खूश आहेत, कारण जाडी गिऱ्हाइकाला दाखवता येते. पण तेवढ्याच ताणाला जाड तार कमी लांबते, त्यामुळे ती बारीक तारेच्या आधीच ढिली पडणार.