बिनपरवाना

डब्लिनमध्ये साठीच्या आसपासच्या माणसाला बोलतं करायचं असेल तर हवामानानंतर रेडिओचा विषय काढावा. आत्ताच्या नव्हे, १९८०च्या दशकातल्या. तेव्हा आयर्लंडची अवस्था बिकट होती. काम मागणाऱ्या दर सहा जणांत एक बेकार, शिकलीसवरलेली पोरं लंडन-न्यूयॉर्कच्या वाटेला लागलेली. आणि ऐन त्या कडकीत गल्लोगल्ली बिनपरवाना रेडिओ स्टेशनांचं पीक आलं होतं!

कायदा १९२६ सालचा, दंड किरकोळ. उंचावर एरियल उभी करायची, मागच्या खोलीत दोन टर्नटेबल आणि एक माइक मांडायचा, की झालं स्टेशन. आरटीई या सरकारी प्रसारणसंस्थेने १९७९ मध्ये तरुणांसाठी दुसरी रेडिओ वाहिनी काढून पाहिली, पण त्यानंतर आलेल्या 'सनशाइन' आणि 'रेडिओ नोव्हा'ने पोरं पळवलीच. मे १९८३ मध्ये दोन्हीकडे धाडी पडल्या, यंत्रसामग्री जप्त झाली, लोक खवळले, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही स्टेशनं पुन्हा सुरू.

माझ्या घरमालकीणबाई तेव्हा नोकरी शोधत होत्या. म्हणतात, "दिवसभर घरात बसून जीव विटायचा. पण रेडिओवर गालिच्यांच्या दुकानाची जाहिरात लागली की बरं वाटायचं. म्हणजे कुणाकडे तरी गालिचा घ्यायला पैसे आहेत!"

आता ही मंडळी काही धर्मादाय करत नव्हती. मोठी स्टेशनं जाहिरातींवर रग्गड कमवत. पण आठवणी हिशेब तपासत नाहीत. आपल्याकडे नाही का, नेहरूंच्या काळात माहिती-नभोवाणी मंत्री केसकरांनी (पुण्याचेच ते!) आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना दार लावलं आणि अख्खा देश रेडिओ सिलोनला कान लावून बसला? सिलोन अगदी कायदेशीर होतं, आणि तेही जाहिरातींवरच चालायचं. तरी जुनी माणसं त्याबद्दल बोलताना आवाज असा खाली आणतात, की जणू शेजारच्या बागेतल्या कैऱ्या पाडल्या होत्या.

आयर्लंडमध्ये १९८८ साली नवा कायदा आला, दंड जबर झाला, आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत बहुतेक चोरट्या स्टेशनांनी गाशा गुंडाळला. पुढे परवाने वाटले गेले आणि त्यांतले बरेच निवेदक परवानावाल्या स्टेशनांवर रुजू झाले.

बाई हल्ली तीच लावतात. "गाणी तीच आहेत रे," म्हणतात, "पण मध्येच बँकवाले कर्ज घ्या म्हणतात."