लाकूड कुजू देण्याची परवानगी

लंडनच्या आग्नेय भागातील आमच्या वस्तीलगतच्या कुरणात स्टॅग बीटल या भुंगेऱ्यासाठी ओंडके पुरण्याचे काम आम्ही अकरा जणांनी नोव्हेंबरातील एका शनिवारी संध्याकाळपर्यंत संपवले. त्याची परवानगी मिळण्यास मात्र सात महिने लागले, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

जागा स्थानिक प्रशासनाची असल्यामुळे अर्ज करावा लागला. त्यातील ‘बांधकामाचा प्रकार’ या रकान्यात बाक, खेळणी, कुंपण आणि शिल्प एवढेच पर्याय होते. उभे ओंडके दिसायला शिल्पासारखेच, असे समजून मी शेवटचा पर्याय निवडला आणि तिथेच फसलो. अडीच महिन्यांनी मंजुरी आली ती दोन अटींसह : लाकडाला कीडरोधक लेप द्यावा आणि कुजलेला भाग दरवर्षी बदलावा. या भुंगेऱ्याची मादी जमिनीतील कुजत्या लाकडाजवळ अंडी घालते, अळी तेच लाकूड खात तीन ते सात वर्षे मातीखाली काढते आणि कुजलेले लाकूड नसेल तर तिला अन्नच उरत नाही, हे मी सविस्तर लिहून कळवले. त्यावर ‘शिल्पांच्या देखभालीच्या अटी शिथिल करता येत नाहीत’ असे एका ओळीचे उत्तर आले. दरम्यान आमच्यासाठी आवारात राखून ठेवलेले ओकचे ओंडके कंत्राटदाराने यंत्रात घालून त्यांचा भुसा पायवाटेवर पसरला. शेवटी वृक्ष विभागाचे एक अधिकारी स्वतः जागेवर आले, त्यांनी माझे म्हणणे ऐकून घेतले आणि पाच मिनिटांत दोन्ही अटी खोडल्या. म्हणून सांगतो, अर्जाच्या पहिल्याच वाक्यात ‘हे लाकूड कुजावे हाच हेतू आहे’ असे लिहावे आणि भेट कागदोपत्री नव्हे, जागेवरच मागावी.

ओक गेल्यामुळे एका शेजाऱ्याने तोडलेली सफरचंदाची आणि चेरीची झाडे कामी आली. रुंद पानांच्या झाडाचे, सालीसकट आणि निदान मांडीएवढे जाड लाकूड घ्यावे. पाइन घेऊ नये. आम्ही ओंडके साठ सेंटिमीटर खोल, एकमेकांना खेटून उभे केले आणि फटींत माती ठासली. लंडनची चिकणमाती ओली झाली की फावड्याला अशी चिकटते की प्रत्येक वेळी ती काठीने खरवडावी लागते. जागा थोड्या सावलीतली हवी, नाहीतर लाकूड वाळते. जमिनीखालच्या विजेच्या तारांचा नकाशा खणण्यापूर्वीच मागवावा, हे खरे तर आधी सांगायला हवे होते.

पांढुरकी, अर्धगोल वळलेली ही अळी दिसायला अगदी हुमणीसारखी. सांगलीकडे उसातील हुमणी वेचून मारण्यात माझ्या काकांचा जन्म गेला; पुतण्या इकडे तिच्या भावकीला घर बांधतो आहे, हे फोनवर ऐकून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

कार्यालयाच्या यादीत आमचे ओंडके अजूनही ‘शिल्प’च आहेत. मार्चमध्ये कुजलेला भाग बदलला का, अशी छापील विचारणा आली. ‘अद्याप पुरेसा कुजलेला नाही’ असे उत्तर मी त्याच दिवशी पाठवले.