पुढची घ्या

परवा दुपारी स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर मी मुद्दाम तिसऱ्या रिक्षाकडे गेलो. पहिलीच्या सीटमधून स्पंज डोकावत होता. तिसरा चालक पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "पुढची घ्या." घेतली. पहिल्याच स्पीडब्रेकरला डोकं वर आपटलं आणि हॉबसन आठवला.

आठवीत आमची इडियम्सची वेगळी वही होती. मधोमध उभी रेघ, डावीकडे इडियम, उजवीकडे अर्थ. किक द बकेट म्हणजे मरणे. बादलीला लाथ मारली की माणूस का मरतो, हे विचारायची सोय नव्हती. मार्क पाठांतराला होते. रेनिंग कॅट्स अँड डॉग्जला सगळा वर्ग खिदळायचा. मुसळधार म्हणताना आभाळातून मुसळं पडतायत, असं मात्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नसे. (हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतं, की गवती छपरांवर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची. थाप आहे. कुत्रा कशाला झोपायला छपरावर चढतोय!)

'हॉबसन्स चॉइस: नो चॉइस ॲट ऑल.' मला वाटायचं, हॉबसन म्हणजे घरात ज्याला कुणी विचारत नाही असा एखादा गरीब नवरा. चाचणीत वाक्यात उपयोग करायला आला. मी लिहिलं, 'माय फादर इज अ हॉबसन.' बाईंनी लाल शाईचा भोपळा दिला आणि पेपरवर पालकांची सही मागितली. बाबांनी वाक्य वाचलं, स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं आणि गुपचूप सही केली. आत दोडका शिजत होता.

खरा हॉबसन अगदी उलटा निघाला. केंब्रिजचा थॉमस हॉबसन, लंडनला सामान आणि टपाल नेणारा, घोडे भाड्यानं देणारा. तबेल्यात 40 घोडे. बूट, लगाम, चाबूकही तिथेच मिळायचे. विद्यार्थी नेमके चांगले घोडे मागायचे आणि दामटून दामटून त्यांची वाट लावायचे. म्हणून ह्याचा नियम एकच: दाराजवळ उभा असेल तो घ्या, नाहीतर चालत जा. परत आलेला घोडा रांगेत शेवटी. म्हणजे आमच्या घरातला हॉबसन आई होती. "दोडका आहे. नको असेल तर ऊठ."

1630 मध्ये केंब्रिजला प्लेग आला, लंडनच्या फेऱ्या बंद झाल्या. ऐंशी ओलांडलेला हॉबसन घरी बसला आणि 1 जानेवारी 1631 ला गेला. तेव्हा तिथे शिकत असलेल्या मिल्टननं त्याच्यावर थट्टेच्या कविता केल्या. हा कायम रस्त्यावर, म्हणून मरणाला हुलकावणी देत राहिला. घरी बसला आणि सापडला.

बाबा 38 वर्षं सायकलनं ऑफिसला गेले. मे महिन्यात रिटायर होऊन घरी बसले, त्या वर्षीची दिवाळी काही त्यांनी पाहिली नाही.

"आलं बघा," रिक्षावाला म्हणाला. मी शंभराची नोट पुढे केली.

"सुट्टे नाहीत."

बरं, म्हटलं.